आजोळचा चष्मा

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी जेवढा राग आला तेवढा आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून आला नसेल. राग एका चष्म्यापायी. चष्मा माझा नव्हे, माझ्या नातीचा. नात तेव्हा सव्वा वर्षाची. चालायला नुकती लागलेली, बोलायला अजून नाही.

तिचा डावा डोळा नाकाकडे ओढायचा. लांबचं बघताना बरा असायचा. हातात चुरमुरा धरून त्याच्याकडे निरखून बघायला लागली, की गोगलगाय शिंग आत घेते तशी बाहुली आत जायची. आमच्या आळीतल्या बाया म्हणायच्या, "बारीक चकणी पोर भाग्याची असते गो." मी म्हणायचो, भाग्य कपाळात असतं ना? मग ते डोळ्यात कशाला उतरलं? बाया हसायच्या आणि पोरीच्या गालाला तीट लावून जायच्या. तीट लावली की काम झालं असं त्यांना वाटत असावं.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण डोळा सरळ आहे की वाकडा, हे बघायला पाचवी लागत नाही. मी मुलाच्या मागे लागलो. तो आसनगावहून कल्याणला कामाला जातो. रविवार आला की त्याला झोप पाहिजे. त्याला म्हणालो, "तू झोप. मी सुनेला आन् पोरीला घेऊन जातो." तेव्हा उठला.

ठाण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला सुनेच्या मांडीवर बसवलं, डोळ्यात बारीक उजेड मारला, पुढे एकेक काच धरून बघितलं आणि नंबर काढला. पोरीला एक शब्द विचारला नाही, आणि विचारला असता तरी ती काय सांगणार? गावात आल्यावर याच गोष्टीवर लोकांनी माझं डोकं खाल्लं. "बोलत नाय ती पोर, आन् नंबर कसा निघाला?" मी म्हणालो, गाभण म्हैस बोलते का? मग तिला कितवा महिना ते कसं कळतं तुमाला?

डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं, म्हातारा म्हणून टाळलं नाही. म्हणाल्या, "हिला जन्मतःच नंबर जास्त आहे. स्पष्ट दिसावं म्हणून ती डोळ्यांवर जोर देते, आणि जोर दिला की डोळा आत ओढला जातो. चष्मा लागला की जोर कमी होईल, डोळा सरळ राहील. पण काचेच्या मधोमध बघितलं तरच. काचेच्या वरून बघितलं तर चष्मा असून नसल्यासारखा."

मी विचारलं, "आन् नाय घातला तर?"

"तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकायचं सोडून देतो, आजोबा. मोठेपणी मग कितीही भारी चष्मा आणा, उपयोग नाही."

ते माझ्या डोक्यात बसलं. डोळा बिचारा दाखवतोय, आणि वरती कोणी ऐकत नाही. असं माणसाच्या बाबतीत होतं हे मला माहीत होतं, डोळ्याच्या बाबतीतही होतं हे तेव्हा कळलं.

चष्मा घ्यायला आधी शहापुरात गेलो. दुकान लखलखीत. तिन्ही भिंतींना चष्मेच चष्मे टांगलेले. सोनेरी, काळे, बिनकाड्यांचे, उन्हात मिरवायचे, नवरदेवाचे. दुकानदाराने पोरीकडे बघितलं आणि खालच्या खणातून चारपाच चष्मे काढले. एकावर मांजर, एकावर फुलपाखरू. एक तिच्या नाकावर ठेवला. ठेवला म्हणजे काय, सोडला. तो सरळ घसरून ओठावर आला. पोरीने जीभ काढून त्याला चाटलं.

दुकानदार म्हणाला, "वाढत्या अंगाचा आहे बाबा. पुढच्या वर्षी पण चालेल. मागून दोरी बांधून देतो."

मी म्हणालो, "झगा आहे का हा? झग्याला दुमड मारता येते. चष्म्याला कुठं दुमड मारणार?"

"लहान साइजमध्ये एवढंच येतं. एवढं लहान कोण चष्मा घालतं?"

"ही घालते. तुमच्या समोर बसलीय."

"तसं नाही बाबा, सगळे असेच नेतात."

"मग सगळ्यांची पोरं वरूनच बघत असतील."

सून माझा सदरा ओढायला लागली. "आबा, चला." मी चाललो, पण बोलत चाललो. ज्या बाजारात तान्ह्या पोराचे वाळे मिळतात, बोटाएवढी टोपी मिळते, पाळण्याला टांगायची चिमणी मिळते, त्या बाजारात तान्ह्या पोराचा चष्मा मिळत नाही. का? तर पोर 'मला दिसत नाय' म्हणत दुकानात येऊन भांडत नाही. भांडायला मी होतो, पण माझं ऐकतो कोण.

शेवटी मुलाने कल्याणला एक दुकान शोधलं. तिथे गेलो तेव्हा मी आधीच ठरवून गेलो होतो, की घाईत काही घ्यायचं नाही. दुकानातल्या बाईने पोरीला माझ्या मांडीवर बसवायला सांगितलं. तिच्याकडे खरंच तान्ह्यांचे चष्मे होते. रबरासारखे मऊ, लोखंड कुठेच नाही, काड्यांच्या जागी डोक्यामागून जाणारा पट्टा. बाई म्हणाली, "या वयात नाकाचं हाड वर आलेलं नसतं, म्हणून चष्मा टेकायला खाली रुंद बैठक पाहिजे."

मला ते पटलं. आमच्याकडे तेल लावणारी बाई रोज पोरांची नाकं चिमटीत धरून ओढते, सरळ व्हावीत म्हणून. इतकी ओढूनही सव्वा वर्षाच्या पोरीचं नाक म्हणजे पिठाच्या गोळ्यावर उठलेलं बोट.

एकेक चष्मा घालून बघितला. पहिला बरा बसला, पण पापण्या काचेला लागत होत्या. दुसरा चांगला दिसत होता. मी बाईला म्हणालो, थांबा, हिला हसू द्या. मी जीभ काढली, डोळे फिरवले, कोंबड्यासारखा आरवलो. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. बघू देत. पोर हसली तसे गाल वर आले आणि गालांनी चष्मा वर ढकलला. म्हणजे तो गेला. तिसरा बसला. बाहुली बरोबर काचेच्या मधोमध, हसली तरी हलला नाही, मान टाकून रडली तरी हलला नाही. फक्त रंग काळा. गुलाबी त्या मापात शिल्लक नव्हता.

सुनेचं तोंड उतरलं. "आबा, पोरीच्या जातीला काळा?"

"रंग बाहेरून बघणाऱ्यासाठी. ती आतून बघणार."

घेतला. घरी आल्यावर माझ्या बायकोने पोरीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, हा तर वेल्डिंगवाल्याचा चष्मा! आता फक्त ठिणग्या उडायच्या राहिल्यात." आळीतल्या बायांना विषय मिळाला. कोणी म्हणे मोबाइल दाखवला असेल, कोणी म्हणे सुनेने दिवस असताना गिऱ्हाण पाळलं नाही. मोबाइल! पोर पोटातून मोबाइल बघून आली का? गिऱ्हाणाचं ऐकून तर मी त्या बाईला ओट्यावरून उठवली. सून आत भाकरी थापत होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

पण चष्मा राहिला. पहिले काही दिवस पोर ओढायची, मग विसरली. सकाळी तोंड धुतलं की सून पट्टा लावायची, झोपली की काढायची. पोर मुंग्यांच्या मागे जायला लागली. तांदूळ निवडताना बायकोच्या पुढ्यात बसून खडा उचलून तोंडात घालायला लागली, म्हणजे तिला खडा दिसायला लागला. आणि काचेच्या मागे डोळा सरळ. दोन्ही डोळ्यांनी ती माझ्याकडे बघायची तेव्हा मला जरा लाजल्यासारखं व्हायचं. इतकं नीट माझ्याकडे बऱ्याच वर्षांत कोणी बघितलं नव्हतं.

इथे खरी गोष्ट सुरू होते.

सुनेचं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. व्याही माझ्यापेक्षा चार पावसाळे लहान, पण ताठपणात वडील. आपल्याकडे रीत आहे, पोराच्या अंगावरचा पहिला डाग, म्हणजे दागिना, आजोळचा. पहिले वाळे आजोळचे, पहिला कडदोरा आजोळचा, जावळ मामाच्या मांडीवर. चष्मा हा डाग आहे हे मला कुठं माहीत? माझ्या लेखी ते औषध. आजोळहून खोकल्याचं औषध येतं का?

पण व्याह्यांना कळलं की नातीला चष्मा लागला आणि तो आम्ही परस्पर आणला. त्यांनी सुनेला फोनवर विचारलं, "आमी काय मेलो होतो?" सुनेने मला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं. बायकोने मला सांगितलं. मी म्हणालो, मेले नाहीत ते दिसतंच आहे, फोन केलाय ना. हे बोलायला नको होतं, पण बोललो, आणि सुनेने ऐकलं.

जावळाला आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. अंगण सारवलेलं, मांडव घातलेला, मटण चुलीवर. पोर मामाच्या मांडीवर बसली. न्हावी आला. केस काढायचे म्हणून पट्ट्याचा चष्मा काढला, त्याला माझी ना नाही. केस निघाले, डोकं धुतलं, हळद लागली. मग व्याही पुढे आले, खिशातून लाल मखमलीची डबी काढली. मला वाटलं बाळ्या असतील. डबी उघडली. आत सोनेरी चष्मा. पातळ काड्यांचा, काचा मोठ्या गोल, लग्नात मास्तर घालतात तसला. नंबर तोच, सुनेने कागदाचा फोटो पाठवला होता. मुरबाडला बनवून घेतला होता, सगळ्यात भारी.

"वाढत्या अंगाचा घेतलाय," व्याही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "शाळेत जाईतोवर बघायला नको."

सुनेने तो पोरीला घातला. तिचे डोळे भरले होते. बापाने सगळ्यांसमोर मान राखला होता तिचा. फोटो निघायला लागले. आणि चष्मा नाकावरून खाली सरकला, शेंड्यावर येऊन थांबला. पोरीने त्याच्या वरून पेढ्याकडे बघितलं. डोळा आत.

मी म्हणालो, "व्याही, हा बसत नाय."

"बसंल. सवय लागली की बसंल."

"सवयीनं नाक वाढतं का?"

मांडवात कोणीतरी फिसकन् हसलं. व्याह्यांचा चेहरा लाल झाला. "पोरगी दिली म्हणून आमची वस्तू खाली का? तुमचा तो म्हशीच्या मुसक्यासारखा चष्मा बरा, आन् आमचा सोन्यासारखा वाईट?"

"सोन्यासारखा हाय तर तिजोरीत ठेवा. पोरीला बघायला द्या."

"आमच्या दारात उभं राहून आमाला शिकवता?"

मुलगा मधे आला, म्हणजे नुसता मधे उभा राहिला. त्याला दोन्हीकडून जेवायचं असतं. मी न जेवता निघालो. मटणाचा वास पार रस्त्यापर्यंत माझ्या मागे आला.

घरी आल्यावर सून माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं. तिने पट्ट्याचा चष्मा फडताळात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीला सोनेरी घालायला लागली. मी विचारलं, "हे काय?"

"चष्माच हाय, आबा. नंबर सारखा."

"खाली घसरतोय."

"मी वर करते."

आणि खरंच करायची. भांडी घासता घासता उठून वर करायची, पाण्याचा हंडा टेकवून वर करायची. कापसाचे बोळे लावून बघितले, मागून दोरा बांधून बघितला. दोऱ्याने काड्या वाकल्या. नाकावर दोन्ही बाजूंना लाल वळ उठले. पट्ट्याच्या चष्म्याला स्वतःहून तोंड पुढे करणारी पोर आता चष्मा बघितला की मान फिरवायची. मग सगळे म्हणायला लागले, पोर चष्मा ठेवत नाय, पोर हट्टी आहे, आजोबावर गेली. तळतळाट झाला माझा. बुटाने पाय चावला तर बूट वाईट म्हणतो ना आपण? का पाय हट्टी म्हणतो?

मी मुलाला म्हणालो, "तू बोल तिला." तो म्हणाला, "मी काय बोलू? तिच्या बाबांनी दिलाय." बायकोला म्हणालो, "तू बोल." ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

तेवढ्यात दवाखान्याची तारीख आली. डॉक्टरीणबाईंनी पोरीकडे बघितलं आणि उजेड मारायच्या आधीच विचारलं, "चष्मा घालत नाही का?"

सून म्हणाली, "घालतो की. दिवसभर."

"नाकाच्या शेंड्यावर घालता." त्यांनी सोनेरी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पोरीचा उजवा डोळा हाताने झाकला. पोर रडायला लागली, हात झटकायला लागली. मग डावा झाकला. गप्प बसली, खेळायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघितलंत? डावा झाकला तर तिचं काही बिघडत नाही. म्हणजे डावा डोळा ती कमी वापरायला लागलीय. मागच्या वेळेला असं नव्हतं. अजून वेळ गेलेली नाही, पण नीट बसणारा चष्मा आजपासून पाहिजे. पुढच्या वेळेला असंच राहिलं तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागेल."

सून खाली मान घालून बसली. मला वाटलं, आता घरी गेली की फडताळ उघडेल. घरी आली, पोरीचं तोंड धुतलं, पदराने पुसलं, फडताळापुढे जरा उभी राहिली. आणि सोनेरीच घातला. बोटाने वर केला. घसरला. पुन्हा वर केला.

माझं डोकं फिरलं. मी ओट्यावर येऊन बसलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. व्याह्यांना, दुकानदारांना, चष्मे बनवणाऱ्यांना, रीत काढणाऱ्यांना. दिवेलागणीची वेळ. बायको तुळशीपुढे दिवा लावत होती, तिने ऐकून घेतलं. वात सारली. मग म्हणाली, "झालं?"

"नाय झालं."

"तिला काय कळत नाय असं वाटतं तुमाला? तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, ती आई हाय. पण तो चष्मा काढला तर मांडवात तुमी बोललात ते खरं ठरतं. बापाला तोंडावर पाडून लेक काढंल का तो?"

"मग पोरीचा डोळा जाऊ दे?"

"मी कुठं म्हणलं? तुमी वाकणार नाय, ते वाकणार नाय. आन् सगळ्यात बारीक नाक त्या पोरीचं, सगळा भार त्याच्यावर."

मी म्हणालो, "मी मुलाकडचा. मी जाऊ त्यांच्या दारात?"

"मी जा म्हणलं नाय," ती म्हणाली आणि आत गेली.

मी काही चुकलो नव्हतो. आजही माझं म्हणणं तेच आहे. चष्मा बसत नव्हता, तो कोणी दिला यावर काही ठरत नाही. पण चूक नसलेला माणूस ओट्यावर बसून राहिला तर पोरीचा डोळा काही सरळ होत नाही. याचा मला सगळ्यात जास्त संताप आला, की बरोबर असणं पुरत नाही.

सकाळी सून पाण्याला गेल्यावर फडताळातून पट्ट्याचा चष्मा काढला, धुतल्या रुमालात गुंडाळला आणि मुरबाडची पहिली एसटी धरली. पुढे जीप. व्याही खळ्यावर ढिगावर चढून भाताचे भारे रचत होते. मला बघून खाली उतरले नाहीत. मी खालूनच रुमाल सोडला आणि चष्मा वर धरला.

"हा तुमच्या हातानं नातीला द्या. आजोळचा म्हणून. मी आणला होता हे मी विसरलो."

ते उतरले. चष्मा तळहातावर घेतला, फिरवून बघितला. "एवढासा?"

"एवढंच नाक हाय तिचं."

"मग माझा?"

"तुमचा पण आजोळचाच. नाक वाढलं की घालंल. दवाखान्यातल्या बाईनं काल तिचा एकेक डोळा झाकून दाखवला. ते घरी आलात की तुमच्या लेकीकडून ऐका, माझ्या तोंडून नको."

माझ्या हातातला रुमाल घेऊन त्यांनी चष्मा त्यात गुंडाळला. मग खळ्यावरच्या माणसाला हाक मारून भारे रचायला सांगितलं, अंगणात जाऊन सदरा चढवला, पायात चपला घातल्या. मी माफी मागितली नाही, त्यांनीही नाही. परतीच्या जीपमध्ये खिडकीकडची जागा मी त्यांना दिली आणि स्वतः मधे, गिअरच्या दांड्याशी, गुडघे आवळून बसलो.